शीर सापडेना, नळी जाईना

कुत्र्या-मांजरांच्या शिरेत कॅथेटर (सलाईनसाठीची प्लास्टिकची बारीक नळी) बसवणे आणि भूल दिल्यावर श्वासनलिकेत ट्यूब टाकणे, या दोन कामांबद्दल आलेल्या पत्रांपैकी सहा या अंकात घेतली आहेत. बहुतेक पत्रे छोट्या दवाखान्यांतली आहेत, जिथे हाताखाली एकच मदतनीस असतो आणि मॉनिटर असलाच तर साधा. उत्तरे तेच गृहीत धरून दिली आहेत. औषधांची प्रमाणे पशुवैद्यकांसाठी आहेत, त्यावरून घरी काही करू नये. शेवटचे पत्र मात्र एका कुत्र्याच्या घरच्यांचे आहे.

प्रश्न : पुढच्या पायाच्या शिरेत सुई गेली की मागच्या कप्प्यात रक्त दिसते. पण कॅथेटर सरकवायला गेले की अडते आणि बघता बघता तिथे निळी गाठ येते. नेमके कुठे चुकते? – पशुवैद्यक, कराड

रक्त दिसले म्हणजे सुईचे टोक शिरेत पोचले. कॅथेटर अजून पोचलेले नसते. पाकिटातून काढलेले कॅथेटर एकदा उजेडात धरून पाहा. सुईचे तिरके टोक प्लास्टिकच्या नळीच्या एक-दोन मिलिमीटर पुढे असते. कप्प्यात रक्त येते त्या क्षणी प्लास्टिकची कड शिरेच्या भिंतीला बाहेरून टेकलेली असते. तिथूनच सरकवले तर कड भिंतीवर आपटून दुमडते, आणि सुईने पाडलेल्या भोकातून रक्त झिरपून गाठ येते.

म्हणून रक्त दिसताच थांबा. १५ ते ३० अंशांत धरलेला हात खाली आणा, कॅथेटर पायाला जवळजवळ समांतर करा आणि सुईसकट आणखी दोन मिलिमीटर पुढे न्या. मग सुई जागच्या जागी धरून फक्त प्लास्टिक पुढे सरकवा. त्या वेळी सुई आणि प्लास्टिक यांच्या मधल्या फटीत रक्ताची बारीक रेघ धावताना दिसते. ती दिसली की कॅथेटर शिरेत आहे. ती दिसत नसेल तर रेटू नका.

दुसरे कारण कातडीत असते. वयात आलेला बोका किंवा पाणी कमी झालेला कुत्रा यांची कातडी इतकी चिवट असते की ती भेदतानाच प्लास्टिकची कड चुरगळते. कॅथेटर बाहेर काढून कडेवर नखाचा स्पर्श केला तर खरखर लागते. असे कॅथेटर टाकून द्या. नवीन घेण्याआधी १८ नंबरच्या सुईच्या धारेने फक्त कातडीला दोन मिलिमीटरची चीर द्या, शिरेच्या थोडी बाजूला, म्हणजे शीर कापली जाणार नाही. कातडी बाजूला सरकवून चीर शिरेवर आणायची आणि तिच्यातून आत जायचे.

तिसरे कारण धरण्यात असते आणि आमच्या मते निम्मे अपयश तिथेच ठरते. मदतनिसाने कोपरामागे तळवा लावून पाय पुढे ढकलून धरायचा, अंगठा कोपराच्या घडीत आडवा दाबायचा आणि बाहेरच्या बाजूला किंचित फिरवायचा. त्या फिरवण्याने शीर पायाच्या माथ्यावर येते. तुम्ही पंजा धरून पाय ताणा आणि तुमचा अंगठा शिरेच्या बाजूला टेकवून ठेवा, म्हणजे शीर सुईपुढून निसटत नाही. सुरुवात मनगटाजवळून करा. तिथे फसले तर वर जागा उरते. वर फसल्यावर खाली टोचले तर दिलेले औषध वरच्या भोकातून बाहेर येते.

नंबर शिरेकडे बघून निवडा. मांजर आणि लहान पिल्लांना २४ (पिवळा) किंवा २२ (निळा), मध्यम कुत्र्याला २० (गुलाबी), लॅब्रॅडॉर-जर्मन शेफर्डला १८ (हिरवा). केस पायाच्या भोवताली पूर्ण काढा. नुसती वरची चौकट काढली तर टेप केसांवर चिकटतो आणि संध्याकाळपर्यंत घसरतो. टेप लावण्याआधी कॅथेटरचे बूड कोरडे पुसा. ओल्या बुडावर टेप धरतच नाही. पहिली पट्टी बुडाभोवती घट्ट आणि मग पायाभोवती, पण पायावर ती सैलसर हवी. शेवटी दोन-तीन मिली सलाईन सोडून टोकाच्या वर बोट ठेवा. बोटाखाली फुगवटा आला तर ते बाहेरच आहे.

एक गोष्ट कधीच करू नका. अर्धवट बाहेर काढलेली सुई परत प्लास्टिकमध्ये खुपसू नका. सुईच्या धारेने प्लास्टिकचे टोक कापले जाते आणि तो तुकडा रक्ताबरोबर हृदयाकडे आणि फुप्फुसाकडे जातो.

प्रश्न : पार्व्होचे (उलट्या-हगवणीच्या विषाणूजन्य आजाराचे) तीन किलोचे पिल्लू, अंग गार, शिरा चपट्या. तासभर शोधूनही शीर मिळत नाही. मग त्वचेखाली सलाईन देऊन वेळ मारून नेतो. दुसरा मार्ग आहे का? – पशुवैद्यक, बार्शी

आहे, आणि तो लवकर वापरायला हवा. शॉकमध्ये कातडीचा रक्तपुरवठा आधीच आटलेला असतो, त्यामुळे त्वचेखाली दिलेले पाणी तिथेच गोळा होऊन राहते. पाच मिनिटांत शीर मिळाली नाही, तर मानेची शीर एकदा पाहा. तीही नसेल तर हाडात जा. मांडीच्या हाडाच्या पोकळीतून दिलेले सलाईन शिरेतून दिल्यासारखेच लगेच रक्तात मिसळते, आणि पिल्लाचे हाड मऊ असल्याने साधी सुई पुरते.

खुब्यावरचे केस काढून जागा शस्त्रक्रियेसारखी स्वच्छ करा. कातडीत आणि खाली हाडाच्या आवरणापर्यंत थोडे लिग्नोकेन (जागा बधिर करणारे औषध) द्या. मांडीच्या हाडाचे वरचे बाहेरचे टोक बोटाने चाचपा आणि त्याच्या आतल्या अंगाला लागून असलेला खळगा शोधा. २० नंबरची स्पायनल सुई, नसेल तर १८ किंवा २० ची साधी एक इंची सुई, हाडाच्या दांड्याला समांतर धरा. दुसऱ्या हाताचा अंगठा मांडीवर हाडाच्या रेषेत ठेवा, म्हणजे दिशा चुकत नाही. सुई फिरवत फिरवत दाबा. एका क्षणी जोर एकदम हलका होतो आणि मग सुई इतकी पक्की बसते की पाय हलवला की तीही हलते. सुई टोकाच्या आतल्या अंगाला चिकटूनच जायला हवी. मागे आणि आत भरकटली तर तिथे पायाचा मोठा मज्जातंतू आहे. साध्या सुईत हाडाचा चुरा अडकून ती बंद होऊ शकते. स्पायनल सुईत आतली तार असते, म्हणून ती बरी.

तीन किलोच्या पिल्लाला कोमट आरएल (रिंगर लॅक्टेट सलाईन) ४५ ते ६० मिली पंधरा-वीस मिनिटांत द्या. मग हिरड्यांचा रंग, नाडी आणि पंजांची ऊब पाहून पुन्हा द्यायचे का ते ठरवा. रक्तातली साखर ६० च्या खाली असेल तर २५ टक्के डेक्स्ट्रोज किलोला १ ते २ मिली, तेही आणखी पातळ करून. तास-दोन तासांत शिरा भरतात. तेव्हा पायात कॅथेटर बसवा आणि हाडातली सुई काढा. मोडलेल्या हाडात किंवा पू झालेल्या कातडीतून हा मार्ग वापरायचा नाही.

पुढच्या ड्रिपसाठी मायक्रोड्रिप सेटच घ्या. त्यात एका मिलीचे ६० थेंब असल्याने तासाला जितके मिली तितकेच मिनिटाला थेंब. तासाला १५ मिली द्यायचे तर मिनिटाला १५ थेंब. २० थेंबांच्या साध्या सेटवर हेच मिनिटाला पाच थेंब होतात, आणि इतका मंद वेग चाकावर टिकत नाही. पिल्लू जरा हलले की बाटली भराभर उतरते. मापाचा मधला कप्पा असलेला सेट असेल तर दोन तासांपुरतेच भरा.

प्रश्न : जननेंद्रियाच्या गाठीसाठी भटक्या कुत्र्यांना व्हिन्क्रिस्टीन (कर्करोगावरचे औषध) शिरेतून देतो. दोनदा टोचलेल्या जागी आठवड्याने मांस सडून जखम झाली. – प्राणीमित्र संस्थेतील पशुवैद्यक, नाशिक

किलोला ०.०२५ मिग्रॅ म्हणजे २० किलोच्या कुत्र्याला ०.५ मिग्रॅ. एवढेसे औषध, आणि त्यातले दोन-चार थेंब शिरेबाहेर गेले तरी हेच होते. फुलपाखरू सुईने (पंख असलेल्या धातूच्या सुईने) ते देऊ नका. एका टोचण्यात बसलेले ताजे कॅथेटर हवे. त्याच शिरेत वर आधी कुठे टोचलेले नको. औषधाआधी ५ ते १० मिली सलाईन सोडून खात्री करा, औषध दिल्यावर पुन्हा तेवढेच सोडा.

बाहेर गेल्याचा संशय आला तर कॅथेटर झटकन उपसू नका. त्यातूनच सिरिंजने जेवढे मागे येईल तेवढे ओढून घ्या आणि मग काढा. त्या जागी दिवसातून तीन-चार वेळा गरम शेक द्या. बर्फ लावू नका. व्हिन्क्रिस्टीनला ऊबच हवी, कारण ती औषध पसरवून पातळ करते. हातमोजे घाला, आणि गरोदर सहकाऱ्याला या कामावर ठेवू नका.

प्रश्न : मांजराला ट्यूब टाकावी की नाही यावर आमच्या नसबंदी केंद्रात दोन गट आहेत. ट्यूब टाकायला गेले की घसा आवळतो आणि जीभ निळी पडते. – पशुवैद्यक, ठाणे

दोन्ही गटांच्या म्हणण्यात तथ्य आहे. ब्रिटनमध्ये २००२ ते २००४ या काळात ११७ दवाखान्यांतल्या भुलीच्या नोंदी तपासल्या गेल्या. भुलीखाली किंवा भुलीनंतर दगावणाऱ्या मांजरांचे प्रमाण ०.२४ टक्के निघाले, कुत्र्यांचे ०.१७. मांजरांत ट्यूब टाकणे हा धोका वाढवणारा घटक ठरला. याचा अर्थ ट्यूब वाईट असा आम्ही लावत नाही. मांजराचा घसा नाजूक, आणि ट्यूब टाकताना होणाऱ्या रेटारेटीची किंमत ते मोजते, असा लावतो. बोक्याच्या पाच-दहा मिनिटांच्या नसबंदीला मास्कने ऑक्सिजन आणि सतत लक्ष ठेवणारा माणूस पुरतो. पोट उघडायचे, दातांचे काम करायचे, मांजर गाभण आहे किंवा पोट भरलेले आहे, तर ट्यूब हवीच. आणि ट्यूब, लॅरिंगोस्कोप (घसा पाहण्याचे दिवा लावलेले पाते), ऑक्सिजन प्रत्येक मांजरासाठी टेबलावर मांडलेले हवे, वापरायचे असो वा नसो.

घसा आवळण्याचे तुमच्याकडचे मुख्य कारण बहुधा केटामीन हे भुलीचे औषध आहे. त्याने जनावर झोपलेले दिसते, पण गिळण्याची आणि घसा मिटण्याची प्रतिक्रिया जागी राहते, वर लाळही सुटते. प्रोपोफॉल (शिरेतून देण्याचे भुलीचे औषध) किलोला १ ते २ मिग्रॅ, थोडे थोडे, जबडा सैल पडेपर्यंत द्या. भराभर दिले तर श्वासच थांबतो. त्याआधी तीन ते पाच मिनिटे मास्कने ऑक्सिजन दिलेला असावा. ती मिनिटे वाया जात नाहीत, पुढे ट्यूबला उशीर झाला तर तेवढीच तुमच्या हातात असतात.

मांजर पोटावर ठेवा. मदतनिसाने वरच्या सुळ्यांमागे बोटे धरून डोके उचलायचे, मान सरळ. घशाखाली हात नको, त्याने सगळे दबून वाट दिसेनाशी होते. जीभ गॉजने धरून पुढे काढा. लॅरिंगोस्कोपचे टोक जिभेच्या मुळाशी, घशाच्या झाकणीच्या अलीकडे ठेवून खाली दाबा, झाकणी आपोआप खाली येते. तिला पात्याने स्पर्श करू नका. आता स्वरयंत्राचे दोन पांढुरके पडदे श्वासागणिक उघडता-मिटताना दिसतील. सुई काढलेल्या १ मिली सिरिंजला कॅथेटरचे प्लास्टिक जोडून २ टक्के लिग्नोकेन दोन्ही बाजूंना ०.१ मिली टाका. पाते काढा, मास्क लावा आणि घड्याळ लावून ३० ते ६० सेकंद थांबा. बहुतेकांचे इथेच चुकते. औषध टाकतात आणि लगेच ट्यूब घालतात.

माणसांसाठीचा १० टक्के लिग्नोकेनचा फवारा वापरू नका. त्याच्या एका दाबात १० मिग्रॅ असतात. चार किलोच्या मांजराला दोन दाबांतच किलोला ५ मिग्रॅ होतात, आणि मांजर हे औषध कुत्र्याइतके सोसत नाही.

ट्यूब साडेतीन किंवा चारची (आतला व्यास, मिलिमीटरमध्ये), एक नंबर लहान शेजारी. टोकाला जेली. पडदे उघडतात त्या श्वासाला ट्यूब हलकी फिरवत आत न्या. मिटलेल्या पडद्यांवर ढोसणे म्हणजे सूज ओढवून घेणे. दर धक्क्याला वाट आणखी अरुंद होते. तीन प्रयत्नांत गेली नाही तर थांबा, मास्क लावा, जास्त सवयीच्या हाताला बोलवा.

कफ, म्हणजे ट्यूबच्या टोकाजवळचा हवेने फुगवायचा फुगा, हा वेगळा धोका आहे. रिकाम्या सिरिंजने दिसेल तेवढी हवा भरायची सवय मांजराची श्वासनलिका फाडते. भूल-मशीनची श्वासाची पिशवी दाबून दाब १५ ते २० सेंमी पाण्याइतका करा, तोंडाशी कान लावा आणि अर्धा-अर्धा मिली हवा भरत हवेचा आवाज थांबला की तिथेच थांबा. बहुतेक मांजरांना एक-दोन मिली पुरते. कूस बदलताना ट्यूब आधी मशीनपासून सोडवा, मग मांजर वळवा, मग जोडा. दातांच्या कामात कूस वारंवार बदलावी लागते, म्हणून तिथे हे सर्वांत जास्त घडते. शस्त्रक्रियेनंतर मान-खांद्यावरची कातडी फुगली आणि दाबल्यावर चुरचुरली तर श्वासनलिका फाटली असे समजून लगेच एक्स-रे काढा.

प्रश्न : कॅपनोग्राफ (सोडलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारे यंत्र) नसताना ट्यूब श्वासनलिकेतच आहे हे कसे ओळखावे? आणि पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याची ट्यूब कधी काढावी? – पदव्युत्तर विद्यार्थिनी, नागपूर

सर्वांत खरी खूण म्हणजे पडद्यांमधून जाताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली ट्यूब. नंतर मान चाचपा. कडक नळी एकच लागली पाहिजे. दोन लागल्या तर एक श्वासनलिका आणि दुसरी अन्ननलिकेतली तुमची ट्यूब. श्वास सोडताना ट्यूबच्या आत वाफ धरते आणि श्वासाबरोबर पिशवी हलते, पण वाफ अन्ननलिकेतही कधी फसवते. एकट्या ऑक्सिमीटरवर भिस्त ठेवू नका. आधी ऑक्सिजन दिलेल्या जनावराचा आकडा काही मिनिटे चांगलाच राहतो आणि पडतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. शंका असेल तर काढा, मास्क लावा, पुन्हा टाका. ट्यूब आत जाण्याआधीच दातांपासून खांद्याच्या टोकापर्यंत बाहेरून मोजून खूण करा. त्याहून आत गेली तर एकाच फुप्फुसात हवा जाते, म्हणून छातीच्या दोन्ही बाजू ऐका.

पगची श्वासनलिका वजनाच्या मानाने अरुंद असते. आठ किलोच्या दुसऱ्या कुत्र्याला जिथे सातची ट्यूब जाते, तिथे पगसाठी साडेचारपासून साडेसहापर्यंतच्या सगळ्या ट्यूब मांडून ठेवा. इतर कुत्र्यांची ट्यूब गिळण्याची हालचाल परत आली की काढतात, मांजराची त्याच्याही किंचित आधी, कान हलायला लागले की, म्हणजे घसा आवळत नाही. पगची मात्र शक्य तितकी उशिरा. तो पोटावर, डोके वर उचलून, ट्यूब चावायला लागेपर्यंत राहू द्या. बहुतेक पग ती तोंडात घेऊन शांत बसतात, कारण कदाचित आयुष्यात पहिल्यांदा त्यांना मोकळा श्वास मिळत असतो. काढल्यावर जीभ बाहेर ओढून ठेवा आणि प्रोपोफॉल भरलेली सिरिंज व एक नंबर लहान ट्यूब हाताशी असू द्या. वर सांगितलेल्या ब्रिटिश पाहणीत शस्त्रक्रियेनंतरचे बहुतेक मृत्यू पहिल्या तीन तासांतले होते. विदर्भाच्या उन्हाळ्यात हे काम सकाळी लवकर उरका आणि ते तीन तास त्याला थंड खोलीत, नजरेसमोर ठेवा. धापा टाकू लागला की घसा सुजतो आणि सुजला की आणखी धापा टाकतो.

प्रश्न : आमच्या कुत्र्याच्या पायात सुई ठेवून रोज सलाईनला बोलावले आहे. आज पंजा सुजलेला दिसतो आणि तो सारखा चाटतो. काय करावे? – एक वाचक, डोंबिवली

आत सुई नाही, मऊ प्लास्टिकची बारीक नळी आहे. सूज कुठे आहे ते पाहा. पट्टीच्या खाली, बोटांकडे सूज असेल तर पट्टी घट्ट झाली आहे. पंजा गार लागत असेल तर सकाळची वाट न पाहता आताच दवाखान्यात फोन करा आणि वरची पट्टी हाताने उलगडून सैल करा. कात्री लावू नका, घाईत नळीच कापली जाते. पट्टीच्या वर सूज, लाली किंवा दोरीसारखी कडक शीर लागत असेल, किंवा पाय लावू देत नसेल, तर नळी शिरेतून निसटली आहे किंवा शीर सुजली आहे. ती नळी काढावीच लागेल, त्यातून पुढचे सलाईन देऊ देऊ नका.

चाटणे थांबवण्यासाठी गळ्यात शंकूची कॉलर घाला, रात्रीसुद्धा. पट्टी भिजू देऊ नका. बाहेर नेताना प्लास्टिकची पिशवी बांधा, पण घरी आल्यावर लगेच सोडा, आत घाम धरतो. रक्त ठिबकत असेल तर टोपण फिरवून घट्ट करा. नळी बाहेर आली तर स्वच्छ कापसाने पाच मिनिटे दाबून धरा, मधेच उचलून पाहू नका. बाहेर आलेली नळी फेकू नका, पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवा. तिचे टोक अखंड आहे का हे त्यांना पाहावे लागते. आणि नळी बसवून तीन दिवस झाले असतील तर उद्या जाल तेव्हा तारीख सांगून ती बदलायची का ते विचारा.